रक्तनिर्मितीतील खंड : विषाणुसंसर्ग, अस्थिमज्जा आणि यवतमाळ जिल्ह्यातील सिकलसेल-पांडुरोग

रक्त हे शरीरात एकदा तयार होऊन जन्मभर टिकणारे द्रव्य नव्हे. त्यातील तांबड्या पेशी सतत जीर्ण होऊन मोडत असतात, आणि जितक्या मोडतात तितक्याच नव्या निर्माण व्हाव्या लागतात. निरोगी प्रौढ मनुष्यात तांबड्या पेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असते. म्हणजे एकंदर पेशींपैकी सुमारे एकशेविसावा भाग दररोज नाहीसा होतो, व ती तूट भरून काढण्यासाठी अस्थिमज्जेला दिवसास सुमारे २०० अब्ज तांबड्या पेशी तयार कराव्या लागतात. सेकंदाचा हिशेब केल्यास हा आकडा वीस लाखांच्याही वर जातो. प्रौढ वयात हे कार्य मुख्यतः मणके, उरोस्थी, बरगड्या व कटिरास्थी यांतील तांबड्या मज्जेत चालते. शरीरातील दुसऱ्या फारच थोड्या ऊतींमध्ये पेशींचे विभाजन इतक्या वेगाने होत असेल.

हे कार्य काही दिवस सर्वस्वी थांबले तर काय होईल, हा प्रश्न केवळ तर्काचा नाही. असे थांबणे प्रत्यक्षात घडते, आणि तेही क्वचित नव्हे. जगातील बहुसंख्य माणसांच्या आयुष्यात ते एकदा घडून गेलेले असते. त्याचे कारण एक अतिशय लहान विषाणू आहे. बहुतेकांना आपल्या मज्जेने आठ-दहा दिवस काम बंद ठेवले होते याची वार्ताही नसते. परंतु ज्यांच्या तांबड्या पेशी मुळातच अल्पायुषी आहेत, त्यांच्या बाबतीत हाच खंड जिवावर बेततो. यवतमाळ जिल्ह्यात अशी माणसे थोडी नाहीत. म्हणून विषाणुसंसर्गाचा रक्तनिर्मितीवर कसा परिणाम होतो हा सर्वसामान्य विषय येथे या जिल्ह्याच्या संदर्भात मांडण्याचे योजिले आहे.

अल्पायुषी तांबड्या पेशींचे विदर्भातील प्रमुख कारण म्हणजे सिकलसेल-पांडुरोग. हीमोग्लोबिनच्या बीटा शृंखलेत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन हे अमिनो आम्ल येते, आणि एवढ्याशा फरकामुळे प्राणवायू सोडून दिल्यावर हीमोग्लोबिनचे रेणू एकमेकांस चिकटून त्यांचे ताठ तंतू बनतात. पेशी विळ्यासारखी वाकडी व कडक होते, सूक्ष्म वाहिन्यांत अडकते व लवकर फुटते. भारतात या विकृतीचा शोध १९५२ मध्ये लागला. लेमान व कटबुश यांना ती निलगिरीच्या आदिवासींत आढळली, आणि त्याच वर्षी आसामच्या चहामळ्यांतील मजुरांतही तिची नोंद झाली. मध्य भारतातील पहिली महत्त्वाची नोंद नागपूरची. शुक्ला व सोळंकी यांनी ती १९५८ मध्ये प्रसिद्ध केली. त्यानंतरच्या पाहण्यांतून असे दिसून आले की, विदर्भाचे पूर्वेकडील सर्व जिल्हे, सातपुड्याचा भाग व मराठवाड्याचा काही भाग यांत हे जनुक दूरवर पसरलेले आहे. निरनिराळ्या जमातींतील वाहकांचे प्रमाण अगदी शून्यापासून शेकडा ३५ पर्यंत भरते. परधान, माडिया, भिल्ल, पावरा या जमातींत ते विशेष आहे. ज्या जिल्ह्यांत सिकलसेलचे रुग्ण प्रत्येकी पाच हजारांहून अधिक असावेत असा अंदाज पुण्याच्या अभ्यासकांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केला, त्यांत गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, भंडारा व नंदुरबार यांच्याबरोबर यवतमाळचे नाव आहे.

यवतमाळ जिल्ह्याची वस्ती एकजिनसी नाही. केळापूर, झरी-जामणी, मारेगाव, घाटंजी या पूर्व व दक्षिणेकडील तालुक्यांत कोलाम, गोंड व परधान यांची वस्ती आहे. उमरखेड, महागाव, पुसद या बाजूस आंध आहेत. कोलामांची पोडे गावठाणापासून दूर, बहुधा डोंगराच्या कडेस असतात. हा तपशील मानववंशशास्त्राच्या आवडीने दिलेला नाही. पुढे जो कालावधीचा हिशेब यावयाचा आहे, त्यात पोडापासून रक्तपेढीपर्यंतचे अंतर ही एक महत्त्वाची संख्या आहे.

आता तो हिशेब पाहू. निरोगी मनुष्याचे हीमोग्लोबिन १०० मिलिलिटर रक्तात १४ ग्रॅम आहे असे धरा. मज्जेने दहा दिवस एकही नवी तांबडी पेशी दिली नाही, तर जुन्या पेशींपैकी एकशेवीसांश रोज, म्हणजे दहा दिवसांत सुमारे बारावा हिस्सा कमी होईल. हीमोग्लोबिन १४ वरून १२.८ च्या आसपास उतरेल. मनुष्यास थोडा थकवा वाटेल, कदाचित तोही वाटणार नाही. आता सिकलसेलचा रुग्ण घ्या. त्याच्या तांबड्या पेशी सरासरी दहा ते वीस दिवसच जगतात. मज्जा कित्येक पटींनी अधिक काम करून ही झीज भरून काढीत असते, आणि तरीही हीमोग्लोबिन ८ ग्रॅमच्या आसपासच राहते. पेशीचे सरासरी आयुष्य १५ दिवसांचे मानले, तर रोज उरलेल्या पेशींचा पंधरावा भाग नष्ट होतो. मज्जा थांबल्यास पाच दिवसांत हीमोग्लोबिन ८ वरून ५.७ वर व दहा दिवसांत ४ वर येईल. पेशींचे आयुष्य दहाच दिवसांचे असेल, तर ते तिसऱ्या ग्रॅमच्याही खाली जाईल. ही संख्या हृदय कोलमडण्याच्या सीमेवरची आहे. विषाणू तोच, खंडाचे दिवसही तितकेच. परिणामात मात्र एवढे अंतर पडते, ते केवळ पेशींच्या आयुष्यामुळे.

ही गोष्ट आज सरळ वाटते, परंतु वैद्यकाने ती बराच काळ उलटी समजून घेतली होती. जन्मजात रक्तविघटनाच्या रोग्यांना अधूनमधून अकस्मात तीव्र पांडुता येते हे जुन्या वैद्यांना ठाऊक होते. रक्त फुटण्याचा वेग एकाएकी वाढला असला पाहिजे, असा त्यांचा समज होता, व तो अगदीच निराधारही नव्हता. कारण पुष्कळदा रोगी रुग्णालयात येई तोपर्यंत खंड संपत आलेला असे. मज्जा पुन्हा जोमाने कामास लागलेली असे, आणि रक्तात केंद्रकयुक्त अपक्व तांबड्या पेशींचा लोंढा दिसे. असे चित्र पाहणाऱ्याने उत्पादन कमी पडले होते असा निष्कर्ष काढणे कठीणच. नॉर्वेतील पॉल ओव्रेन यांनी १९४८ मध्ये आनुवंशिक कावीळ व पांडुता असलेल्या रोग्यांचे रक्त व मज्जा दिवसामागून दिवस तपासून दाखवून दिले की, संकटाच्या प्रारंभी रक्तातील नव्या पेशी जवळजवळ नाहीशा झालेल्या असतात. दोष विघटनात नसून निर्मितीत होता. शिकागो येथील सिंगर, मोटुल्स्की व वाइल यांनी १९५० मध्ये सिकलसेलच्या रोग्यांत हेच घडत असल्याचे वर्णन केले. या अवस्थेस तेव्हापासून अप्लास्टिक संकट म्हणतात. मराठीत त्यास मज्जास्तंभन म्हणावयास हरकत नाही. जमैकातील वैद्यांनी १९६१ मध्ये सिकलसेलच्या रोग्यांतील या संकटांचा स्वतंत्रपणे अभ्यास केला. एकाच घरातील भावंडे पाठोपाठ आजारी पडतात, आणि एकदा संकट येऊन गेलेल्यास ते सहसा पुन्हा येत नाही, या दोन गोष्टी जसजशा ध्यानी येत गेल्या, तसतसा संशय संसर्गावर जाऊ लागला. परंतु संसर्ग कशाचा, हे कोणासच सांगता येत नव्हते.

उत्तर आले ते भलत्याच दिशेने. लंडनमध्ये इव्हॉन कॉसार्ट व त्यांचे सहकारी रक्तदात्यांच्या रक्तात ब प्रकारच्या काविळीचा विषाणू शोधीत होते. काही नमुन्यांत अपेक्षित नसलेली प्रतिक्रिया दिसली, आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली अत्यंत लहान, गोलसर कण आढळले. त्यांनी हा शोध १९७५ मध्ये प्रसिद्ध केला. ज्या नमुन्यात हे कण दिसले तो ‘बी’ या संचातील एकोणिसावा होता, एवढ्यावरून विषाणूस पार्व्होव्हायरस बी-१९ हे नाव पडले. लॅटिन भाषेत ‘पार्वस’ म्हणजे लहान. सहा वर्षे हा विषाणू रोगावाचून राहिला. त्याने काय होते हे कोणास माहीत नव्हते. १९८१ मध्ये पॅटिसन व सहकाऱ्यांनी लंडनमधील सिकलसेलच्या मुलांत, आणि त्याच वर्षी सार्जंट व सहकाऱ्यांनी जमैकातील मुलांत, मज्जास्तंभनाच्या वेळी या विषाणूच्या ताज्या संसर्गाच्या खुणा दाखविल्या. लहान मुलांच्या गालांवर चपराक मारल्यासारखी लाली उठविणारा जो ‘पाचवा रोग’ पाश्चात्त्य वैद्यकात प्रसिद्ध आहे, तोही याच विषाणूचा, हे त्यानंतर दोन-तीन वर्षांत सिद्ध झाले. सावळ्या त्वचेवर ही लाली सहज दिसत नाही. आपल्याकडे हा रोग नाही असा कोणाचा समज असल्यास त्याचे एक कारण हेच असावे.

हा विषाणू मज्जेवरच का येतो, हा प्रश्न मोठा उद्बोधक आहे. त्याची घडण अगदी तुटपुंजी आहे. व्यास मिलिमीटरच्या सुमारे चाळीस हजाराव्या भागाएवढा, आनुवंशिक द्रव्य म्हणजे डीएनएची एकच एकेरी साखळी, तीतील घटक सुमारे ५,६००. बाहेर मेदाचे आवरण नाही. त्यामुळे उष्णता व मेद विरघळविणारी द्रव्ये यांना तो सहजी दाद देत नाही. इतक्या लहान संचात स्वतःची प्रत काढणारे यंत्र मावत नाही. यास्तव ज्या पेशी स्वतः विभाजनाच्या तयारीत आहेत आणि ज्यांत डीएनए दुप्पट करण्याची सर्व सामग्री नुकतीच जमा झाली आहे, अशाच पेशी त्यास हव्या असतात. त्यात दुसरी एक अट येते. पेशीत शिरण्यासाठी तो पेशीपृष्ठावरील ‘पी’ नावाच्या प्रतिजनाचा आधार घेतो. केविन ब्राउन, स्टेसी अँडरसन व नील यंग यांनी हे १९९३ मध्ये दाखविले. हा प्रतिजन तांबड्या पेशींच्या वंशात विपुल असतो. ज्या अतिविरळ व्यक्तींच्या पेशींवर तो जन्मतःच नसतो, त्यांना या विषाणूची बाधाच होत नाही, असेही लगोलग दिसून आले. वेगाने विभागणारी पेशी आणि तिच्या पृष्ठावर पी प्रतिजन, हा योग विशेषेकरून तांबड्या पेशींच्या पूर्वजांत, म्हणजे मज्जेतील प्रोएरिथ्रोब्लास्ट व त्याच्या आधीच्या पिढीत, जुळून येतो. विषाणू नेमका तेथेच वाढतो. त्याचे एक प्रथिन पेशीचे विभाजनचक्र अडवून धरते व अखेरीस तिला आत्मनाशास प्रवृत्त करते. अशा रोग्याची मज्जा काढून पाहिली तर तांबड्या पेशींच्या मधल्या सर्व पायऱ्या रिकाम्या दिसतात, आणि त्या ओसाडीत एखाददुसरा अवाढव्य प्रोएरिथ्रोब्लास्ट, ज्याच्या केंद्रकात विषाणूंचा काचेसारखा पुंजका साठलेला आहे, असा उभा असतो. पांढऱ्या पेशी व बिंबाणू यांची संख्या काही काळ थोडी घटते. परंतु तांबड्या वंशाप्रमाणे ती परंपरा तुटत नाही.

संसर्ग झाल्यापासून खंड संपेपर्यंत काय काय घडते, याचे उत्तम ज्ञान इंग्लंडमध्ये निरोगी स्वयंसेवकांवर केलेल्या प्रयोगातून मिळाले. त्याचा वृत्तांत १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. या स्वयंसेवकांच्या नाकात विषाणू सोडण्यात आला. पहिल्या आठवड्याच्या अखेरीस रक्तात विषाणू प्रकट झाला व थोडा ताप, अंगदुखी, कणकण जाणवली. दुसऱ्या आठवड्यात रक्तातील जालिका-पेशी जवळजवळ नाहीशा झाल्या. जालिका-पेशी म्हणजे मज्जेतून नुकतीच बाहेर पडलेली, अद्याप आतील जाळे न गेलेली तांबडी पेशी. रुग्णालयात तिला रेटिक्युलोसाइट म्हणतात. रक्तात आल्यावर ही अवस्था दिवस-दीड दिवसच टिकते, म्हणून मज्जेचे आजचे उत्पादन किती, हे तिच्या संख्येवरून कळते. आठ-दहा दिवसांनी प्रतिपिंडे तयार झाली, विषाणू हटला व जालिका-पेशी परत आल्या. हीमोग्लोबिन फार थोडे उतरले. अंगावर लाली व सांधेदुखी ही लक्षणे त्यानंतर, तिसऱ्या आठवड्यात आली. यावरून एक व्यवहारोपयोगी गोष्ट निघते. गालावर लाली असलेले मूल बहुधा संसर्गकाळ ओलांडून गेलेले असते. मज्जास्तंभनात सापडलेल्या मुलाच्या रक्तात व श्वासमार्गात मात्र विषाणू त्याच वेळी भरपूर असतो.

मज्जेवर परिणाम करणारा हा एकच विषाणू आहे असा ग्रह होऊ नये. हिवताप व डेंगू या दोन्हींचा त्रास असलेल्या प्रदेशात डेंगूचा उल्लेख केल्यावाचून हा विषय पुरा होणार नाही. थायलंडातील १९६० च्या रक्तस्रावी तापाच्या साथीत रोग्यांच्या मज्जेची तपासणी करण्यात आली. आजाराच्या आरंभीच्या दिवसांत मज्जा उजाड झालेली असते व ताप उतरण्याच्या सुमारास ती सावरू लागलेली असते, असे तीत दिसले. बिंबाणूंची संख्या रक्तात सर्वांत खाली जाते तेव्हा मज्जा बहुधा पुन्हा कामास लागलेली असते. गोवर, इन्फ्ल्युएंझा इत्यादींत पांढऱ्या पेशी काही दिवस कमी होतात, ते बहुतांशी शरीराच्या प्रतिकारद्रव्यांमुळे.  बी-१९ ची विशेषता ही की तो रक्तपेशींच्या एकाच वंशावर, एकाच पायरीवर, प्रत्यक्ष हल्ला करतो.

आता यवतमाळच्या तालुक्यांकडे परत येऊ. पावसाळ्यात पोडावरील एखादे मूल तापाने पडले, तर गावातील आशा कार्यकर्ती किंवा उपकेंद्राची परिचारिका पहिला विचार हिवतापाचा करते, व तो करणे योग्यच आहे. हिवतापातही ताप, पांडुता व प्लीहेची वाढ असते. किंबहुना हे जनुक ज्या प्रदेशांत टिकून राहिले त्या प्रदेशांत हिवताप होता म्हणूनच ते टिकले, असे शास्त्रज्ञ मानतात; एका मात्रेचा वाहक हिवतापाच्या घातक स्वरूपापासून काही अंशी सुरक्षित असतो. परंतु मूल सिकलसेलचे असेल व रक्तपरीक्षेत हिवतापाचे जंतू आढळले नाहीत, तर मज्जास्तंभनाचा विचार त्याच दिवशी केला पाहिजे. लक्षणे फसवी असतात. एक-दोन दिवसांचा ताप, डोकेदुखी, पोटदुखी, अंगात त्राण नाही. मग झपाट्याने वाढणारा फिकटपणा. डोळ्यांतील पिवळेपणा वाढत नाही, पुष्कळदा कमीच होतो, कारण फुटावयाच्या पेशीच कमी झालेल्या असतात. पिवळेपणा कमी झाला म्हणून घरची माणसे निश्चिंत होतात. माझ्या मते या रोगातील सर्वांत घातक गैरसमज तो हाच.

दुसरी अडचण प्लीहेची. सिकलसेलमध्ये अकस्मात पांडुता येण्याचे आणखी एक कारण आहे : प्लीहेत रक्त अडकून बसणे. त्यात प्लीहा तासा-दोन तासांत सुजते व जालिका-पेशी वाढलेल्या असतात; मज्जास्तंभनात प्लीहा आहे तेवढीच राहते व जालिका-पेशी नाहीशा होतात. पुस्तकात हा भेद सोपा आहे. आफ्रिकी वंशाच्या रोग्यांत तो प्रत्यक्षातही सोपा ठरतो, कारण त्यांची प्लीहा बालपणीच आकसून नष्ट होते. आपल्याकडील सिकलसेल मात्र अरब-भारतीय या निराळ्या जनुकसंचातील आहे. गर्भावस्थेतील हीमोग्लोबिन आपल्या रोग्यांत अधिक राहते. त्यामुळे रोग काही प्रमाणात सौम्य होतो, पण सर्वांतच तसे नाही. याच रोग्यांत प्लीहा किशोरवयापर्यंत, कधी त्यापुढेही, वाढलेली राहते. अशा मुलाच्या पोटात प्लीहा हातास लागली, एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. ती कालपरवा किती होती हे माहीत असले तरच तिचा उपयोग. यास्तव रुग्णाच्या कार्डावर त्याचा सिकलसेलचा प्रकार लिहून भागत नाही. निरोगी दिवसांतील हीमोग्लोबिन, जालिका-पेशींचे प्रमाण व प्लीहेचे बोटांनी मोजलेले माप ही तीन नोंदी त्यावर असाव्यात. राष्ट्रीय सिकलसेल-पांडुरोग निर्मूलन अभियानाचा आरंभ १ जुलै २०२३ रोजी मध्यप्रदेशातील शहडोल येथे झाला. त्यात चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करून कार्डे देण्याची योजना आखण्यात आली. कार्ड हातात असणे हा मोठा लाभ आहे. त्यात वरील तीन आकड्यांची भर घालण्यास खर्च काहीच नाही.

जालिका-पेशींची मोजणी हीच या निदानाची किल्ली आहे, आणि सुदैवाने ती महाग नाही. थोडे रक्त, न्यू मेथिलीन ब्लू किंवा ब्रिलियंट क्रेसिल ब्लू हे रंगद्रव्य, काचपट्टी व साधा सूक्ष्मदर्शक एवढ्यावर ती होते. सिकलसेलच्या मुलात एरव्ही हे प्रमाण शेकडा दहाच्या आसपास, कधी त्याहूनही अधिक असते. मज्जास्तंभनात ते एकाच्या खाली जाते. विषाणूच्या प्रतिपिंडांची वा डीएनएची परीक्षा मोठ्या प्रयोगशाळेतच व्हावयाची, व तिचा निकाल येईपर्यंत संकट एक तर टळलेले असते किंवा घडून गेलेले असते. उपचार तिच्यासाठी खोळंबून ठेवण्याचे कारण नाही. येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. सिकलसेलसाठी अलीकडे हायड्रॉक्सीयुरिया हे औषध पुष्कळ रोग्यांना दिले जाते. त्याने गर्भावस्थेतील हीमोग्लोबिन वाढते व पेशींचे आयुष्य लांबते. म्हणजे वरच्या हिशेबात ते रोग्याच्या बाजूस उभे राहते. परंतु जालिका-पेशी त्या औषधानेही कमी होतात, आणि मात्रा जास्त झाल्यास मज्जा दबते. तसे झाल्यास पांढऱ्या पेशी व बिंबाणूही सहसा उतरतात. औषध घेणाऱ्या मुलाची पांडुता वाढल्यास संशयाच्या काळात ते थांबवून तिन्ही वंशांच्या पेशी मोजाव्यात.

उपचार तसा साधा आहे : रक्त. हीमोग्लोबिन चार-पाच ग्रॅमवर आलेल्या मुलास रक्त द्यावयाचे ते थोडे थोडे व सावकाश, कारण त्याचे हृदय आधीच ताणलेले असते व एकदम भार पडल्यास फुप्फुसांत पाणी साचते. बहुतेकांस एकदा, क्वचित दोनदा रक्त दिले की पुरते. आठ-दहा दिवसांत मज्जा स्वतःच पूर्ववत होते. रोग आपला आपण बरा होणारा, उपचार ठाऊक असलेला, आणि तरी मूल दगावू शकते, ते केवळ वेळेच्या अभावी. वर काढलेल्या हिशेबात दर दिवसास हीमोग्लोबिनचा सुमारे पंधरावा भाग जातो. ताप आल्यापासून दोन दिवस घरी, दोन दिवस भगताकडे वा औषधविक्रेत्याकडे, एक दिवस वाहन मिळण्यात असे पाच दिवस गेले, तर आठाचे पावणेसहा झालेले असते, व पुढचे पाच दिवस त्याहून कठीण. झरी-जामणीच्या पोडावरून पांढरकवडा आणि तेथून यवतमाळचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असा प्रवास पावसाळ्यात किती वेळ घेतो, हे त्या भागात काम करणाऱ्यांना सांगावयास नको.

संसर्ग श्वासावाटे पसरतो, व एका घरात ज्यांना तो पूर्वी झालेला नाही अशांपैकी सुमारे निम्म्यांना लागतो. सिकलसेल आनुवंशिक असल्यामुळे एकाच घरात दोन-तीन रुग्ण भावंडे असणे असामान्य नाही. पहिल्या मुलात निदान झाल्याबरोबर दुसऱ्याच्या जालिका-पेशी पाहाव्यात, व पुढील दोन आठवडे त्याच्यावर लक्ष ठेवावे. हाच न्याय आश्रमशाळांस लागू आहे. जिल्ह्यातील आदिवासी मुलांपैकी पुष्कळ मुले निवासी आश्रमशाळांत एकाच दालनात झोपतात, जेवतात, शिकतात. अशा ठिकाणी एखाद्या सिकलसेलच्या मुलास मज्जास्तंभन झाले, तर त्या शाळेतील अन्य सिकलसेलच्या मुलांचे हीमोग्लोबिन त्याच आठवड्यात तपासणे इष्ट. वसतिगृहाच्या अधीक्षकाजवळ अशा मुलांची यादी असल्यास हे काम अर्ध्या दिवसाचे आहे. रुग्णालयातही या मुलास सिकलसेलच्या अन्य रोग्यांशेजारी ठेवू नये, आणि गर्भवती परिचारिकेकडे त्याची शुश्रूषा सोपवू नये. गर्भाच्या तांबड्या पेशीही अल्पायुषी असतात व त्याची रक्तनिर्मिती अत्यंत वेगाची असते. त्यामुळे मातेस प्रथमच संसर्ग झाल्यास, विशेषतः गर्भारपणाच्या पहिल्या वीस आठवड्यांत, गर्भ तीव्र पांडुतेने सुजून दगावण्याचा संभव असतो. सुदैवाने असे थोड्याच जणींत घडते.

या विषाणूवर उपयोगात असलेली लस आजपर्यंत नाही. परंतु एकदा येऊन गेलेल्या संसर्गाची प्रतिकारशक्ती सामान्यतः जन्मभर टिकते. जमैकात सिकलसेलच्या रोग्यांचा अनेक वर्षे पाठपुरावा केला असता, बी-१९ मुळे एकदा मज्जास्तंभन झालेल्यांत ते पुन्हा झाल्याचे आढळले नाही. म्हणून संकटातून उठलेल्या मुलाच्या कार्डावर त्याची तारीख नोंदवून ठेवावी. त्या मुलास पुढे पुन्हा अकस्मात पांडुता आल्यास बी-१९ चा विचार मागे ठेवून प्लीहा, हिवताप, फोलिक आम्लाची उणीव किंवा औषधाची मात्रा यांकडे प्रथम पाहावयाचे असते.